एका सिनेमावरून घरात झालेलं भांडण आणि मुलीची मुंबईची नोकरी

ताई, नमस्कार.

मी बेळगावच्या वडगावात राहतो. घरचे चार यंत्रमाग आहेत, इरकल आणि साध्या सुती साड्या काढतो. माझी थोरली मुलगी २४ वर्षांची आहे. बेळगावात बी. कॉम. झाल्यावर तिनं कोल्हापुरात ड्रेस डिझायनिंगचा कोर्स केला. आता मुंबईत एका सिनेमाच्या वेशभूषा विभागात सहायक म्हणून तिला बोलावणं आलंय. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला हजर व्हायचंय.

धाकटा भाऊ म्हणाला, आधी सगळ्यांनी मिळून एक पिक्चर बघू, मग ठरवू. रविवारी रात्री घरात ‘भूमिका’ लावला. स्मिता पाटीलचा. संपल्यावर भाऊ म्हणाला, “बघितलास नव्हं? सिनेमावाल्यांनीच दाखवलंय. आता आणि कोण येऊन सांगायला पाहिजे?” भावजय डोळे पुसत उठली, काही बोलली नाही. भाचा म्हणाला, “मामा, जुना पिक्चर आहे. आता तसं काय नसतंय.” माझी आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “एवढं कमावली बाई, हातात काय राहिलं तिच्या?” आणि मुलगी एवढंच म्हणाली, “बाबा, तिचे पैसे कोण खात होतं ते बघा की.” आणि आत गेली.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी अजून हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं सांगतो, शेवटाला मला त्या बाईची कीव आली आणि भीती वाटली. पडद्यावर मला माझीच पोरगी दिसत होती.

पिक्चरमध्ये दाखवलंय ते खरं आहे काय? आमच्यातलं कोण बरोबर? आपण पडलो कर्नाटकातले, तिकडं हिला कोण उभं करून घेणार, हीही एक काळजी आहे. आणि भावाला काय सांगू, तेही लिहा. तो माझ्या पाठचा आहे, त्याचं मन मोडवत नाही.

– एक बाप, वडगाव

दादा, नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकते. त्या रात्री तुमच्या घरात तो सिनेमा सगळ्यांत नीट पाहिला तुमच्या आईनं आणि तुमच्या मुलीनं. दोघींची नजर एकाच गोष्टीवर गेली: त्या बाईच्या कमाईवर. भावाचं म्हणणं निम्मं खरं आहे. भाच्याचं त्याहून कमी.

‘भूमिका’ १९७७ सालचा, श्याम बेनेगल यांचा. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला. पटकथा लिहिणाऱ्यांत आपल्या धारवाडात वाढलेले गिरीश कार्नाड होते आणि त्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मिता पाटील यांनाही याच कामासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे तुम्ही काही थिल्लर पाहिलेलं नाही. भावानं निवड चांगली केली होती. म्हणूनच त्यात नेमकं काय दाखवलंय, ते जरा परत आठवून बघा.

उषाला, म्हणजे स्मिता पाटील यांनी केलेल्या नायिकेला, लहानपणी स्टुडिओत कोण घेऊन जातं? घरात ये-जा असलेला केशव. पुढं तो तिचा नवरा होतो. लग्न झाल्यावर तिला काम सोडून संसार करायचा असतो. तोच तिला सोडू देत नाही. तिच्या कामाचे करार तो ठरवतो, तिच्या पैशावर घर चालतं. ज्या नटाबरोबर तिचं काम तो स्वतः ठरवतो, त्याच नटावरून तिच्यावर संशयही घेतो. तुमची मुलगी म्हणाली ते हेच. पैसे कोण खात होतं, हा प्रश्न त्या अख्ख्या सिनेमाला विचारता येतो आणि प्रत्येक वेळी उत्तर घरातच सापडतं.

मग ती काळ्यांच्या वाड्यावर जाते. अमरीश पुरींनी केलेला तो श्रीमंत गृहस्थ. मोठं घर, नोकरचाकर, गावात मान. तिथं सिनेमाचा वाराही नाही. तुमच्या भावाला मुलीसाठी जे घर सुरक्षित वाटेल, वरून बघता ते अगदी तसंच आहे. आणि त्याच घरातल्या लहान मुलाला घेऊन जत्रेला निघाली, तर तिला उंबरठा ओलांडू देत नाहीत. तिथून सुटायला तिला ज्या नवऱ्याला सोडून आली त्यालाच बोलवावं लागतं, कारण कायद्याच्या नजरेत तोच तिचा धनी. दादा, त्या पूर्ण सिनेमात मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती या भागाची. स्टुडिओतल्या एकाही प्रसंगात तिचा जीव इतका कोंडलेला दिसत नाही.

सिनेमाच्या धंद्यातले पुरुष तिथं धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. नसीरुद्दीन शाह यांनी केलेला तो दिग्दर्शक तिला शब्दांत गुंतवतो आणि ऐन वेळी अंग काढून घेतो. तेव्हा भावाला जे दिसलं ते खोटं नव्हतं. त्यानं एक बाजू पाहिली आणि तिच्यावरून निकाल दिला. ‘सिनेमावाल्यांनीच दाखवलंय’ हा त्याचा मुद्दा वजनदार वाटतो, कारण माणूस स्वतःविरुद्ध खोटी साक्ष कशाला देईल, असं आपण धरून चालतो. पण सिनेमा ही साक्ष नसते. दिग्दर्शक एक आयुष्य निवडतो, त्यातले काही दिवस निवडतो, आणि ज्या दिवसांत काही घडलं तेच ठेवतो. उद्या कुणी वडगावच्या यंत्रमागावर सिनेमा काढला आणि त्यात एका कामगाराची बोटं पट्ट्यात सापडल्याचं दाखवलं, तर ते खोटं असणार नाही. तुमच्या ओळखीत तसा कुणी असेलही. पण तो बघून हुबळीच्या एखाद्या बापानं ‘वडगावात मुलगी द्यायची नाही’ असं ठरवलं, तर तुम्ही त्याला काय सांगाल?

याच धंद्यावरचा दुसरा एक सिनेमा आपल्याच भाषेत आहे: परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला होता. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ कसा करतात, त्याची ती गोष्ट. त्यात अख्खं घर सिनेमाच्या कामाला लागलेलं दिसतं. पैशाची ओढाताण आहे, शेजाऱ्यांची बोलणी आहेत, आणि तरी ते घर हसतं-खेळतं आहे. खऱ्या आयुष्यातही सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं करत. धंदा एकच, पण रविवारी हा सिनेमा लावला असता तर तुमच्या घरातली चर्चा कुठं गेली असती? शक्य असेल तर आईला दाखवा. त्यांना फार आवडेल.

त्या सिनेमाच्या निमित्तानं एक जुनी गोष्ट सांगते, कारण तिचा तुमच्या भीतीशी थेट संबंध आहे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या तरुणानं साडी नेसून ती भूमिका केली. त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. मायलेकी एकत्र. त्या काळी त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल, याचा विचार करा. आज आपण त्यांची नावं मानानं घेतो. चंद्रकांत गोखले हे कमलाबाईंचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. तुम्हाला वाटणारी भीती ही आपल्या समाजात शंभरावर वर्षं मुरलेली आहे. ती तुमच्या मुलीनं निर्माण केलेली नाही, आणि तिची किंमत तिनं एकटीनं मोजावी हे मला पटत नाही.

आणि बघणाऱ्यांच्या मतांचं म्हणाल, तर गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ घ्या. तोही सिनेमावाल्यांवरचाच सिनेमा. १९५९ साली लोकांनी तो सपशेल नाकारला. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा स्वतःचं नाव लावलं नाही. त्याचं छायाचित्रण करणारे व्ही. के. मूर्ती म्हैसूरचे. त्यांना पुढं दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, आणि तो चित्रपट आज चित्रपटाच्या शाळांत शिकवतात. एका रात्रीत पाहणाऱ्यांनी दिलेल्या निकालावर मुलीचं पाऊल ठरवू नका, मग तो निकाल वाईट असो वा चांगला.

आता भाच्याबद्दल. ‘आता तसं काय नसतंय’ हे त्यानं बहिणीची बाजू घ्यायला म्हटलं असेल, पण मुलीनं त्यावर विसंबू नये. केरळ सरकारनं २०१७ साली न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. मल्याळम चित्रपटसृष्टीत बायकांना काय भोगावं लागतं, हे त्या समितीनं प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायकांकडूनच ऐकलं. अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारकडे गेला आणि ऑगस्ट २०२४ पर्यंत लोकांसमोर आला नाही. आला तेव्हा त्यात लैंगिक छळापासून ते सेटवर साधं स्वच्छतागृह नसण्यापर्यंत सगळं होतं. मी स्वतः मुंबईत बरीच वर्षं सेटवर कंटिन्यूटीचं, म्हणजे एका प्रसंगाचं दुसऱ्याशी सगळं जुळतंय ना ते बघायचं, काम केलंय. चांगली माणसं पुष्कळ भेटली. एका निर्मात्याकडे मात्र माझे आणि ड्रेसदादांचे, म्हणजे सेटवर कपडे सांभाळणाऱ्यांचे, पैसे असे अडकले, की काम संपून चित्रपट लागून गेला तरी आम्ही फोन करत होतो. तेव्हा भीतीला आधार आहे. तो कुठं आहे हे नीट ओळखता आलं पाहिजे, एवढंच.

तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मुलगी तिथं नक्की काय करणार आहे, ते तुम्हाला कुणी सांगितलंय का? ‘सिनेमात जाते’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं नटीच उभी राहते, म्हणून तुम्हाला उषामध्ये तुमची लेक दिसली. तिचं काम वेगळं आहे.

वेशभूषेच्या सहायकाच्या हातात आधी पटकथा येते. कुठल्या प्रसंगात कोण, कुठला दिवस, सकाळ की रात्र, पाऊस आहे का, मारामारी आहे का, याचा तक्ता करायचा. सिनेमा ओळीनं चित्रित होत नाही. बारावा प्रसंग आज, तेरावा तीन आठवड्यांनी. दोन्हींत नायिकेच्या साडीची निरी त्याच बाजूला पडली पाहिजे, ब्लाउजची बाही तेवढीच दुमडलेली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक टेकनंतर फोटो काढायचे, कपड्याला प्रसंगाचा नंबर लिहून चिठ्ठी लावायची. पावसात भिजायचा प्रसंग असेल तर तोच कपडा दोन-तीन जोड लागतो. शेतकऱ्याचा सदरा दुकानातून आणला तसा घालता येत नाही; चहाच्या पाण्यात बुडवून, खरडून, कॉलरीला मळ लावून तो चार वर्षं वापरल्यासारखा करायचा. बारीक चौकडीचं कापड कॅमेऱ्यासमोर तिरमिरतं, डोळ्याला त्रास होतो, म्हणून ते आधीच बाजूला काढायचं.

दादा, हे सगळं वाचून तुम्हाला कुणाची आठवण येते? मागावर मोठी झालेली मुलगी बोटानं चाचपून सांगते की यात सूत किती आणि पॉलिएस्टर किती. इरकलचा टोपपदर कसा असतो, गुळेदगुड्डचा खण कुठल्या वयाची बाई कसा घालायची, हे कोर्समध्ये शिकवून येत नाही. तुमच्या घरात ते तिला फुकट मिळालंय. मुंबईच्या वेशभूषा विभागात हे जाणणारी पोरं कमी आहेत, आणि ग्रामीण किंवा जुन्या काळातला सिनेमा असला की त्यांना फार मागणी असते. तिला बोलावलं ते काही उगाच नाही. तुमच्या चार मागांचा त्यात वाटा आहे.

भानू अथैया हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती, ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी, १९८३ साली. त्या कोल्हापूरच्या, म्हणजे निपाणी ओलांडली की पुढं तासाभराच्या आतल्या गावच्या. माहेरचं आडनाव राजोपाध्ये. वडील चित्रकार होते आणि त्या लहान असतानाच वारले. त्या मुंबईला जे. जे. मध्ये शिकायला गेल्या, मासिकांसाठी कपड्यांची चित्रं काढता काढता सिनेमात आल्या आणि पन्नासहून अधिक वर्षं काम करत राहिल्या. ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. तुमची मुलगी भानूताई होईल असं मी म्हणत नाही. पण या कामात बाई मानानं जगू शकते आणि म्हातारी होईपर्यंत करू शकते, हे आपल्या शेजारच्याच गावानं दाखवलंय.

कर्नाटकातली म्हणून तिला कोण उभं करून घेणार, ही काळजी मात्र एका काळी अगदी खरी होती. वेशभूषा, रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्यांची मुंबईत एकच संघटना आहे. तिच्या नियमांप्रमाणं सभासद व्हायला महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याचा पुरावा लागायचा. आणि बाईला रंगभूषाकाराचं कार्ड मिळायचंच नाही. केशभूषा करा म्हणायचे. चारू खुराना नावाच्या रंगभूषाकार बाई याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ ला कोर्टानं दोन्ही अटी रद्द केल्या: बाई म्हणून अडवायचं नाही आणि राहण्याच्या पुराव्यावरूनही अडवायचं नाही. तेव्हा आधार कार्डावर बेळगावचा पत्ता आहे म्हणून तिनं मान खाली घालायचं कारण नाही. कुणी तसं म्हटलंच तर तिनं या निकालाचं नाव घ्यावं.

आता तुमच्या आईच्या प्रश्नाकडे येते. हातात काय राहिलं. हाच प्रश्न घेऊन मुलीशी बसा आणि १ तारखेच्या आत दोघांनी मिळून उत्तरं मिळवा. फोन मात्र मुलीनं करायचे, तुम्ही नाही. बापानं निर्मात्याच्या माणसाला फोन केला की पहिल्याच दिवसापासून तिच्याकडे लहान मूल म्हणून बघतील.

लेखी करार मागायचा. सिनेमाच्या कामगारांसाठी १९८१ साली खास कायदा झाला, त्यात लेखी कराराशिवाय कामावर घेऊ नये अशी अट होती. २०२० च्या कामगार संहितेतही दृक्‌श्राव्य कामगारांसाठी ती आहे. तरी धंद्यात तोंडी बोलीवर पुष्कळ चालतं, म्हणून स्वतःहून मागावं लागतं. निदान ईमेलवर तरी सगळं लिहून घ्यायचं: पगार महिन्याचा की दिवसाचा, किती, आणि कुठल्या तारखेला हातात येणार. मालिकांच्या धंद्यात काम झाल्यावर नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत आहे. सिनेमाचं असंच असेल तर पहिले तीन महिने मुंबईत खायचं काय, ते आधी ठरवावं लागेल. यात तुम्ही मदत करू शकता. तेवढे पैसे तिच्या खात्यात उसने म्हणून टाका, आणि परत घ्या. खातं तिच्या एकटीच्या नावावर असू द्या.

शिफ्ट बहुतेक बारा तासांची असते आणि कपड्यांची माणसं सगळ्यांच्या आधी येतात, सगळ्यांच्या नंतर जातात. पॅकअप रात्री उशिरा झालं तर घरी सोडायला गाडी आहे का, हे विचारायचं. कपडे किंवा भाड्याचे दागिने हरवले तर कुणाच्या अंगावर येणार, हेही विचारायचं. नवीन सहायकांवर हे ढकलायची सवय आहे. खरेदीला स्वतःचे पैसे घालायचे नाहीत, आगाऊ रक्कम घ्यायची आणि प्रत्येक बिल ठेवायचं. तुमच्या घरात हिशेबाची वही आहेच, तिला हे नवीन नाही.

आणि छळाचं. २०१३ च्या कायद्याप्रमाणं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असावीच लागते. तिची प्रमुख वरिष्ठ बाई, निम्म्या तरी सभासद बायका, एक सभासद बाहेरची. सिनेमाच्या निर्मितीलाही हे लागू आहे; केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. सेटच नव्हे, कामासाठी कंपनीनं दिलेली गाडीही त्यात धरली जाते, आणि कंत्राटावर असलेली मुलगीही. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुलीनं कामावर जाण्याआधीच समितीत कोण आहे ते विचारावं. हा प्रश्न ऐकून समोरचा चिडला किंवा हसला, तर त्या जागेबद्दल तिला पुरेसं कळलं. मग दुसरं काम बघावं.

जिच्या हाताखाली काम करायचं त्या डिझायनरकडे आधी काम केलेल्या दोन-तीन मुलींशी तिनं बोलावं. पैसे वेळेवर मिळाले का, परत तिच्याकडे काम कराल का, एवढंच विचारावं. सिनेमा बघून तुम्हाला जे कळणार नाही ते या दोन प्रश्नांत कळतं.

राहायची जागा बघायला तुम्ही जरूर जा. रात्रीच्या बसनं दोघं जा, खोली बघा, तिथल्या बायकांशी बोला, घरमालकाला स्वतःचा नंबर द्या. हे बापाचं काम आहे आणि तिलाही ते आवडेल. सेटवर जायचा हट्ट मात्र धरू नका.

दादा, आता कडू लागेल असं एक लिहिते. तुम्ही लिहिलंय की मी अजून हो म्हटलेलं नाही. ती २४ वर्षांची आहे. जायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचंय. तुमच्या हातात एवढंच आहे की ती घराला कळवून, घराचा आधार घेऊन जाईल, की मनात गाठ ठेवून जाईल. ‘भूमिका’मधल्या उषाकडे संकटात फोन करावा असं, हिशेब न मागणारं एकही माणूस नव्हतं. म्हणून तिला पुन्हा पुन्हा नको त्या माणसाकडे वळावं लागलं. उद्या सेटवर काही वाईट घडलं, तर तुमच्या मुलीनं पहिला फोन तुम्हाला करावा असं वाटतं ना? मग तिला आज हे माहीत असलं पाहिजे की ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ असं तिकडून ऐकू येणार नाही. हा शब्द तिला तोंडानं द्या. मनात आहे म्हणून भागत नाही.

तिच्याशी बोलायला जड जात असेल तर तो सिनेमा तिच्याबरोबर परत बघा, दोघंच, किंवा आईला घेऊन तिघं. मध्ये थांबवून तिला विचारा, इथं तुला काय दिसलं? आणि ऐका. ती त्या रात्री एक वाक्य बोलून आत गेली, कारण पुढचं ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं.

भावाचं मन मोडायची गरज नाही. त्याला पुतणीची काळजी आहे म्हणूनच त्यानं हा खटाटोप केला, हे त्याला आधी म्हणून दाखवा. मग सांगा की पिक्चर मीही बघितला, आणि मला वाड्याची भीती जास्त वाटली. वाद घालत बसू नका. त्याला एक काम द्या. मुंबईत परळ-लालबागला नाहीतर डोंबिवलीला आपल्या भागातली किती तरी घरं आहेत. तुमच्या नात्यातलं, ओळखीतलं, बायकामाणसं असलेलं एखादं चांगलं घर त्यानं शोधावं, जिथं ती अडीअडचणीला रात्री-अपरात्री जाऊ शकेल. पत्ता आणि फोन मिळाला की तो त्यानं स्वतः पुतणीच्या हातात द्यावा.